अप्पांच्या दंडातली फडफड आणि ‘उत्तेजित’ मेंदू

नमस्कार. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. त्यात प्रश्न बरेच गुंतलेत, म्हणून आधी थोडक्यात मांडून घेतो.

वडील, म्हणजे अप्पा, ६१ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते. वर्षभरापूर्वी उजव्या हाताने शर्टाचं बटण लावताना आणि कुलपात किल्ली फिरवताना अडायला लागलं. आधी मानेचा मणका म्हणून पट्टा झाला, मग फिजिओथेरपी झाली, आणि शेवटी सुया टोचून केलेल्या तपासणीनंतर मोटर न्यूरॉन डिसीज, त्यातला एएलएस, असं निदान झालं; म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी (मोटर न्यूरॉन) मरत जाण्याचा आजार. रात्री अप्पा झोपले की दंड आणि छाती फडफडत राहते आणि आई ट्यूबलाइट लावून ते बघत बसते. डॉक्टर बोलण्याच्या ओघात म्हणाले की या आजारात मेंदू जास्त उत्तेजित होतो. घरी त्याचा अर्थ लागला तो असा, की अप्पा फार विचार करतात, टेन्शन घेतात, त्यातून हे झालं. तुम्ही विचारताय: फडफड थांबवली तर आजार थांबेल का? मेंदू शांत करणारी गोळी सुरू करावी का? आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारल्यासारखं: महिनाभर तुमच्याही पोटरीत काहीतरी उडतंय.

मला यात खरी अडचण दिसते ती अशी. तुमचं सगळं घर त्या फडफडीला आजाराचा मीटर समजून बसलं आहे. जास्त उडालं की आजार वाढला, कमी उडालं की उतरला. तो मीटर चुकीचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. गेली बावीस वर्षं आठवड्यातले तीन दिवस तरी इएमजीच्या, म्हणजे त्याच सुया टोचून करायच्या तपासणीच्या, खोलीत जातात. अप्पांना मी तपासलेलं नाही, रिपोर्टही पाहिलेले नाहीत. तेव्हा त्यांचं निदान आणि औषधं याबाबत त्यांच्या डॉक्टरांचं ऐका. या आजारात आत काय घडतं आणि माझ्या पेशंटच्या घरच्यांना मी काय सांगतो, तेवढंच इथे लिहितो.

अंग फडफडलं की त्याला अर्थ चिकटवायची आपल्याला जुनी खोड आहे. डोळा लवला की शुभ-अशुभ बघायचं, आणि लढवय्यांचे तर बाहूच स्फुरतात. डॉक्टरी भाषेत याला फॅसिक्युलेशन म्हणतात आणि त्याचा अर्थ फार मर्यादित आहे. मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीच्या ताब्यात स्नायूतले पुष्कळ तंतू असतात. पोटरीसारख्या मोठ्या स्नायूत हजाराच्या घरात. ती पेशी, किंवा तिच्यापासून निघालेली तार, वरून हुकूम नसताना एकदा ठिणगी टाकते. तिच्या ताब्यातले सगळे तंतू एकदम आकसतात आणि कातडीखाली एक उसळी दिसते. हात-पाय हलण्याइतका जोर त्यात सहसा नसतो.

मी आयुष्यात पहिली फॅसिक्युलेशन पाहिली ती मोटर न्यूरॉनच्या पेशंटमध्ये नव्हेच. इंटर्न असताना, रात्री अडीचला, कपाशीवरचं कीटकनाशक प्यायलेला एक तरुण शेतकरी कॅज्युअल्टीत आला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस, आणि उघड्या छातीवर बघावं तिथे कातडीखाली काहीतरी वळवळत होतं, तळ्यावर पावसाची पहिली सर पडावी तसं. विषामुळे चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरचं ॲसिटिलकोलिन, म्हणजे स्नायूला निरोप देणारं रसायन, मोडत नाही, साचत जातं, आणि स्नायू उडत राहतात. महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेक डॉक्टरांची या लक्षणाशी पहिली ओळख अशीच होते. भूल देताना स्नायू ढिले करणारं स्कोलीन टोचलं की पेशंटचं अंग क्षणभर असंच थरथरतं. तेव्हा फडफड दिसली म्हणजे कुठेतरी चेता किंवा तिचं टोक चिडलेलं आहे, एवढंच कळतं. का चिडलं, ते तिच्याकडे नुसतं बघून कळत नाही.

एएलएसमध्ये ती चिडते कशी, त्यात दोन गोष्टी एकत्र येतात.

पहिली. चेतापेशीची तार जिवंत राहते ती आतबाहेर सोडियम आणि पोटॅशियम हलवत राहून, आणि त्या कामाला सतत ऊर्जा लागते. आजारी पेशीची ऊर्जा आटत जाते. सोडियमच्या दारांतून गळती वाढते, पोटॅशियमची दारं पुरेशी उघडत नाहीत. मग जी तार हुकूम आल्याशिवाय हलायची नाही, ती जरा खुट्ट झालं की पेटते. यातल्या बऱ्याच ठिणग्या तारेच्या अगदी शेवटी, स्नायूत शिरून फांद्या फुटतात तिथे उडतात. चेता मध्येच बधिर केली तरी खालच्या स्नायूत फडफड चालू राहते, यावरून हे कळलं.

दुसरी गोष्ट समजवायला मी तलाठ्याचं उदाहरण देतो, आणि ते लगेच पटतं. शेजारच्या सज्जाचा तलाठी गेला की त्याच्या गावांचा अतिरिक्त कार्यभार जवळच्या तलाठ्याकडे येतो. स्नायूत तसंच होतं. एक पेशी मेली की तिचे पोरके तंतू शेजारच्या पेशीची तार नवी फांदी काढून ताब्यात घेते. म्हणून सुरुवातीला बरेच दिवस ताकद टिकून राहते, पेशंटला काही कळत नाही. पण आता त्या एकट्या पेशीच्या ताब्यात तिप्पट-चौपट तंतू आहेत. ती चुकून पेटली की उसळीही तेवढीच मोठी, ट्यूबलाइटच्या उजेडात आईला दिसेल एवढी. इएमजीच्या यंत्राला स्पीकर असतो. त्यात ही उसळी तव्यावर ज्वारीची लाही फुटावी तशी ऐकू येते: मध्येच एक, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. सगळे आधार तुटलेला एकटा तंतू मात्र पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टप टप टप वाजत राहतो. त्याला फिब्रिलेशन म्हणतात आणि ते कातडीवरून दिसत नाही. हा फरक १९३८ साली डेनी-ब्राऊन आणि पेनीबेकर यांनी नीट लिहून ठेवला. त्याआधी दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जात.

आता मेंदू. ‘उत्तेजित’ या शब्दाने घरोघरी घोळ घातला आहे आणि त्यात आम्हा डॉक्टरांचा दोष मोठा. मराठीत माणूस उत्तेजित झाला म्हणजे चिडला, पेटला, भावनेच्या भरात आला. इथे त्याचा तो अर्थ नाही. मेंदूचा जो पट्टा हालचालींचे हुकूम सोडतो, तो किती कमी धक्क्यात पेटतो, एवढंच त्यातून सांगायचं असतं. अप्पा रागीट आहेत की शांत, विचार करतात की नाही, याचा त्या मोजमापाशी संबंध नाही. टेन्शन, जागरण, थकवा यांनी कुणाचीही फडफड त्या दिवसापुरती वाढू शकते. टेन्शनने मोटर न्यूरॉन मरत नाहीत. कृपा करून हे आईला आणि मुख्य म्हणजे अप्पांना वाचून दाखवा. स्वतःच्या स्वभावामुळे आजार ओढवून घेतला, असं ओझं घेऊन बसलेले पेशंट मी खूप पाहिलेत.

ते मोजतात कसं, तेही सांगतो. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोक्यावर तारेचं वेटोळं धरून चुंबकीय झटका दिला की कवटी न उघडता, फारसं न दुखवता मेंदूतला हालचालीचा पट्टा पेटवता येतो. वेटोळं योग्य जागी आलं की अंगठा आपोआप उडी मारतो. मी स्वतःवर करून घेतलं आहे. आपला अंगठा आपल्याला न विचारता उडतो तेव्हा हसू येतं आणि जरा भीतीही वाटते. किती जोराच्या झटक्याला अंगठा हलतो, तो झाला उंबरठा.

पुढची युक्ती जास्त उपयोगाची निघाली. एकापाठोपाठ दोन झटके द्यायचे. पहिला इतका हलका की त्याने अंगठा हलतच नाही. दुसरा जोराचा, एक ते सात मिलिसेकंदांनी. निरोगी माणसात पहिला हलका झटका मेंदूतल्या दाबून धरणाऱ्या पेशींना जागं करतो, आणि त्यामुळे दुसऱ्या झटक्याला अंगठा कमी हलतो. एएलएसच्या पेशंटमध्ये हे दाबून धरणं कमी पडतं किंवा उरतच नाही.

अप्पांना हे त्यांच्या भाषेत सांगा: इंजिनाने जास्त ताकद धरलेली नाही, ब्रेक लायनर झिजलेत. घाटात उतरताना गाडी पळते ती त्यामुळे. हे लायनर म्हणजे मेंदूतल्या गाबा नावाचं रसायन सोडणाऱ्या छोट्या पेशी. दुसऱ्या बाजूला ग्लुटामेट, म्हणजे पेशींना पेटवणारं रसायन, काम झाल्यावर आजूबाजूच्या पेशींनी लगेच उचलून न्यायचं असतं. ते उचलणंही ढिलं पडतं. ग्लुटामेट साचलं की पेशीत कॅल्शियम घुसतं, आणि जास्त कॅल्शियम पेशीला घातक.

सिडनीतल्या स्टीव्ह व्हुसिक आणि मॅथ्यू किर्नन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की ब्रेक झिजण्याची ही खूण आजाराच्या सुरुवातीलाच सापडते. २००८ मध्ये त्यांनीच त्याहून बोलकी गोष्ट मांडली. काही घराण्यांत एसओडी-१ नावाच्या जीनमधल्या दोषामुळे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या येतो. असा जीन असलेले पण अजून धडधाकट लोक त्यांनी तपासत ठेवले. ज्यांना पुढे आजार झाला, त्यांच्यात लक्षणं दिसायच्या काही महिने आधी मेंदूचा ब्रेक गेलेला होता. बाकीच्यांचा शाबूत होता.

यावर कुणी म्हणेल, खालच्या पेशी मरायला लागल्यावर मेंदू भरपाई म्हणून जास्त जोर लावत असेल. रास्त शंका आहे. पण केनेडीचा आजार आणि हिरायामाचा आजार, या दोन्हींत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, हात वाळतात, आणि तरीही मेंदूचा ब्रेक ठीक सापडतो. हिरायामा तर आपल्याकडे बराच दिसतो: विशीतला मुलगा, एकाच हाताची बोटं बारीक, थंडीत ती वाकडी होतात आणि थरथरतात, आणि घरचे एएलएस समजून गर्भगळीत झालेले. तो आजार काही वर्षांत आपोआप थांबतो. म्हणजे खाली नुकसान झालं म्हणून वर ब्रेक जातोच असं नाही.

मग आजार वरून खाली येतो की खालून वर जातो? फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६९ मध्ये आजाराचं वर्णन केलं तेव्हापासून हा वाद आहे. १९९२ मध्ये कॅनडातल्या अँड्र्यू आयझन यांनी मांडलं की सुरुवात मेंदूतून होते आणि वरच्या पेशी खालच्यांना ग्लुटामेटच्या माऱ्याने थकवून मारतात. त्यांच्या बाजूचा एक पुरावा तुम्ही घरी बघू शकता. अप्पांचा उजवा तळहात वर करून टेबलावर ठेवा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो सपाट झालेला दिसेल, आणि उलट बाजूला अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये खळगा. करंगळीकडचा उंचवटा त्यामानाने भरलेला असेल. सगळ्यांत असं नसतं, पण बऱ्याच जणांत असतं, आणि मणक्यातली नस दबल्याने हात असा सहसा वाळत नाही. आता विचार करा: आपण अंगठा आणि तर्जनीनेच किल्ली धरतो, बटण लावतो, भाकरीचा तुकडा मोडतो. या बारीक कामासाठी मेंदूतून थेट तारा येतात त्या याच स्नायूंच्या पेशींपर्यंत सर्वांत जास्त. उलट डोळ्यांची बुबुळं हलवणाऱ्या पेशींना मेंदूची अशी थेट तार नाही, आणि या आजारात डोळे शेवटपर्यंत टिकतात. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी हे निदान झालं, आणि २०१८ पर्यंत ते जगले. एवढी वर्षं मिळणं अपवादच, पण बाकी शरीर गेल्यावरही त्यांचे डोळे बोलत होते, हे सगळ्या जगाने पाहिलं.

विरुद्ध बाजूही कच्ची नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत सगळ्यांत आधी चेता आणि स्नायू यांचा सांधा सुटताना दिसतो, वरचं सगळं नंतर. माझं स्वतःचं मत असं की सगळ्यांमध्ये एकच वाट असेल असं नाही. काहींत मेंदूपासून, काहींत खालून, आणि काहींत दोन्हीकडून बोगदा खणत आणावा तसं. फडफडीपैकी बऱ्याच ठिणग्या तारेच्या टोकाशी उडतात हे मी वर लिहिलं. काही मात्र मेंदूला चुंबकीय झटका देऊनही उमटवता येतात. म्हणजे एकाच दंडात दोन ठिकाणच्या ठिणग्या असू शकतात.

(ही चुंबकीय तपासणी अप्पांची करून घ्यायला धावू नका. ती मुख्यतः संशोधनात वापरतात, आणि निदान झाल्यावर तिने उपचारात फरक पडत नाही.)

गोळीचा प्रश्न. ब्रेक गेलाय तर ब्रेक लावणारं औषध द्या, हा तुमचा तर्क बरोबर आहे. जगभरच्या डॉक्टरांनीही तोच लावला. त्यातून काय निघालं ते ऐका. रिलुझोल हे औषध ग्लुटामेटचं सुटणं कमी करतं आणि सोडियमची दारं थोडी आवळतं. १९९४ आणि १९९६ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याने आयुष्य वाढलेलं दिसलं, सरासरी दोन-तीन महिन्यांनी. कमी वाटेल, पण अप्पांना ते चालू नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. पन्नास मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, आणि लिव्हरची तपासणी अधूनमधून. रिलुझोलने मेंदूचा ब्रेक काही अंशी परत येतो, असं याच चुंबकीय तपासणीत दिसलं आहे. तो परिणाम टिकाऊ मात्र नाही.

पुढे फिटवरची औषधं आजमावली, कारण तीही मेंदूला थंड करतात. गॅबापेंटिनने काहीच फायदा झाला नाही. टोपिरामेट घेणाऱ्यांची हातांची ताकद तर उलट जास्त वेगाने घटली. रेटिगॅबिन नावाचं पोटॅशियमची दारं उघडणारं औषध ६५ पेशंटना देऊन पाहिलं. २०२१ मध्ये निकाल आला: चेतांचा आणि मेंदूचा चिडकेपणा खरोखर उतरला. आजार मंदावतो का, हे ठरवण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती, आणि ते औषध २०१७ मध्येच बाजारातून गेलं होतं; त्याने कातडी आणि नखं निळसर पडायची. तेव्हा ब्रेक लावणं ही दिशा चांगली, पण कुठल्याही शामक गोळीने ते साधत नाही.

उलट एक धोका ठळक सांगतो. केमिस्टकडून किंवा जुन्या चिठ्ठीवर झोपेची, टेन्शनची गोळी आणून अप्पांना देऊ नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम सगळ्यांच्या घरात असतात. या आजारात श्वासाचे स्नायू हळूहळू कमजोर होतात आणि अशा गोळीने रात्रीचा श्वास आणखी मंद होऊ शकतो. कधी त्या द्याव्या लागतातही, पण श्वासाची ताकद मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीत.

फडफडीला माझ्याकडे औषध नसतं आणि ते मी सरळ सांगतो. अप्पांना ती दुखते का, झोप मोडते का? बहुतेक पेशंट म्हणतात, मला कळतही नाही, बायकोच सांगते. मग ती राहू द्यावी. पोटरीत गोळे येत असतील, वांब येऊन कळवळायला होत असेल, तर ती वेगळी तक्रार आणि तिच्यावर उपाय आहे. मेक्सिलेटिनने या पेशंटचे गोळे कमी होतात हे छोट्या पण नीट केलेल्या चाचण्यांत दिसलं आहे. मात्र ते मुळात हृदयाच्या ठोक्यांचं औषध, म्हणून आधी इसीजी. पाय ताठ होत असतील तर बॅक्लोफेन. आणि कारण नसताना रडू किंवा हसू कोसळत असेल तर तेही सांगा. तेही ब्रेक सुटण्यातलंच आहे, त्यावर औषध आहे, आणि ते वेड किंवा मनाचा कमकुवतपणा मुळीच नाही.

आता ते, जे बोलायला मला स्वतःला अवघड जातं. फडफड कमी झाली तर?

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एक बाई नवऱ्याला घेऊन यायच्या. एकदा अगदी खुशीत आल्या. डाव्या दंडाचं उडणं जवळजवळ थांबलं होतं, त्यांनी गावच्या देवीचा नवस फेडला होता, माझ्यासाठी पेढे आणले होते. मी दंड पाहिला. उडणं थांबलं होतं, कारण उडायला तिथे फारसं काही उरलं नव्हतं. जादा कार्यभार ओढणाऱ्या शेवटच्या पेशीही गेल्या होत्या. मी पेढा घेतला आणि गप्प बसलो. दोन महिन्यांनी त्या एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं ना?’ तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत सांगून टाकतो: उडणं वाढलं म्हणून घाबरू नका, कमी झालं म्हणून पेढे वाटू नका.

आईने रात्री बघायचंच असेल तर दुसरं काहीतरी बघावं. अप्पांना पूर्वी एक उशी पुरायची, आता दोन लागतात का? सपाट झोपलं की अस्वस्थ होतं का? सकाळी डोकं जड, दिवसा पेंग? पाणी पिताना ठसका? महिन्याला वजन किती उतरलं? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. श्वासाची ताकद तपासून वेळेवर रात्रीचं बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) लावलं तर बऱ्याच पेशंटमध्ये, विशेषतः गिळणं-बोलणं फार बिघडलेलं नसेल तर, आयुष्यात महिन्यांचा फरक पडतो आणि झोप सुधारते. एवढं देणाऱ्या गोष्टी या आजारात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तसंच अन्न नीट गिळता येईनासं व्हायच्या आधी पोटात नळी घालण्याचं बोलणं सुरू करा. उशीर झाला की तेच काम जोखमीचं होतं.

जाता जाता ताकदीच्या इंजेक्शनांबद्दल, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी कुणीतरी सुचवेलच. जपानमध्ये मेथिलकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराच्या, फार मोठ्या डोसने, ५० मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा, सुरुवातीच्या काळातल्या पेशंटमध्ये घसरण मंदावलेली दिसली, आणि २०२४ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. आपल्या दुकानातली गोळी १५०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे दीड मिलिग्रॅम. ती घेऊन तोच परिणाम होईल असं समजू नका.

शेवटी तुमची पोटरी.

हा आजार असलेल्यांच्या मुलांमध्ये, भावांमध्ये आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये पोटऱ्या उडणं इतकं सर्रास आहे की मला त्याचं नवल वाटत नाही. डीएम, म्हणजे न्यूरॉलॉजीतलं पुढचं शिक्षण, करत असताना माझी स्वतःची डावी पोटरी चार महिने उडत होती. दिवसाला आठ कप चहा, जागरणं, आणि वॉर्डात एएलएसचे दोन पेशंट. मी रात्री टॉर्च लावून बघायचो. १९९३ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी नुसती फडफड असलेले, म्हणजे तपासणीत अशक्तपणा नसलेले १२१ लोक दोन ते बत्तीस वर्षं नजरेखाली ठेवल्याचं लिहिलं. त्यातल्या एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नाही.

फरक कसा ओळखावा? साध्या फडफडीत एकच जागा तासन्‌तास उडते, किंवा आज पापणी, उद्या मांडी अशी फिरते, आणि ताकद मात्र जिथल्या तिथे. एएलएसमध्ये माणूस बहुधा ‘उडतंय’ म्हणून येत नाही. किल्ली फिरत नाही, चप्पल पायातून निसटते, जिना चढताना पाय अडखळतो, म्हणून येतो, आणि फडफड आम्हालाच शर्ट काढल्यावर दिसते. आरशासमोर जीभ बाहेर काढून ती थरथरते का हेही बघू नका. बाहेर काढलेली जीभ सगळ्यांचीच थरथरते. आम्ही ती तोंडात आरामात पडलेली असताना बघतो.

तुमच्या बाबतीत एका गोष्टीवर मात्र उत्तर अवलंबून आहे. सुमारे दहातल्या एका पेशंटमध्ये आजार घराण्यातून आलेला असतो. अप्पांच्या भावंडांत किंवा आधीच्या पिढीत कुणाचे हात-पाय असे वाळले होते का, कुणाला तरुणपणी किंवा पन्नाशीतच विस्मरण, स्वभावबदल झाला होता का, हे आत्यांना नीट विचारा. उत्तर काहीही आलं तरी आधी अप्पांच्या जीन तपासणीबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोला. एसओडी-१ निघाला तर त्यावर टोफरसेन नावाचं औषध आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, ते पाठीत सुई टोचून मणक्यातल्या पाण्यात द्यावं लागतं आणि फार महाग आहे. तुमची स्वतःची जीन तपासणी मात्र समुपदेशन झाल्याशिवाय करू नका. उत्तर कळल्यावर ते परत विसरता येत नाही.

तोपर्यंत एकदाच हे करा. दहा पावलं टाचांवर चाला, दहा चवड्यांवर. एका पायावर दहा-दहा उड्या मारा. दोन्ही बाजू सारख्या जमल्या तर चहा निम्म्यावर आणा आणि पोटरीकडे बघणं बंद करा. नाही जमल्या, किंवा नंतर कधी जमेनाशा झाल्या, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि घरातला इतिहास सांगा. थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम एकदा बघून घ्या. दम्यासाठी पंप किंवा गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्याने स्नायू उडतात. पाऱ्याची किंवा सोन्याची भस्मं कुणी देत असेल तर तीही तुम्ही आणि अप्पांनी दोघांनी बंद करा. पाऱ्यामुळे चेता भयंकर चिडण्याचा एक वेगळाच आजार होतो. त्यात फडफड, घाम आणि जागरण एवढं असतं की एएलएसची शंका यावी. तो बरा होतो, पण ओळखला तर.

अप्पांचा इएमजीचा रिपोर्ट आणि मानेचा एमआरआय हाताशी असेल तर नाव-पत्ता झाकून त्यातला शेवटचा परिच्छेद इथे टाका. आणि उशा किती लागतात ते आजच विचारा.